म्हणे

माझ्या पहिल्या अहवालात बाईंनी एकच शब्द अधोरेखित केला,
लाल शाईनं नाही, शिसपेन्सिलीनं, तीही बोथट.
मी लिहिलं होतं: मध्यरात्री ट्रकमधून गंधक उतरवलं म्हणे.
बाई म्हणाल्या, 'कोण म्हणे?'

शरणपूर रोडच्या मागं ती कचेरी.
खिडकीला पडदा नव्हता, जुना नकाशा पालथा चिकटवलेला.
सकाळी ऊन आलं की जिल्हा उलटा उजळायचा,
सुरगाणा उजवीकडे, येवला डावीकडे,
आणि त्याखाली कुमुदिनी गायधनी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

साठ पोती गंधक. पिंपळगावच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये.
वरून फोन आला, त्या आवाजात उत्तर आधीच होतं.
दोन खबरा जुळत होत्या, तंतोतंत,
इतक्या तंतोतंत की बाईंना ते आवडेना.
'दोघं चहा कुठं पितात ते बघ.'
ओझरच्या एकाच टपरीवर पीत होते.
एका तोंडचं दोन कानांनी ऐकलं
म्हणून साक्षी दोन होत नाहीत, पोरी.

मग मला द्राक्षांच्या बागांत धाडलं.
छाटणी कधी झाली? भुरी पडलीय का? कुणाच्या किती ओळी?
चपला हातात घेऊन मी हिंडले,
पानांच्या पाठी उलटून बघितल्या, पिठासारखं पांढरं बोटाला लागलं.
संध्याकाळपर्यंत एक्कावन्न पोत्यांचा पत्ता लागला.
नऊ राहिली.
'साठच्या साठ सापडली असती,' बाई म्हणाल्या,
'तर तुला परत पाठवलं असतं.'
त्या नऊ पोत्यांचं काय झालं, मला आजही माहीत नाही.
अहवालात मी तसंच लिहिलं.
वरच्या साहेबांनी ती ओळ खोडली.

आहे, असावं, असेल.
यांच्यात किती कोसांचं अंतर आहे ते शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.
'आहे' म्हणजे जाऊन हात लावला.
'असावं' म्हणजे खुणा बघितल्या: चाकोरी, राख, अर्धी विझलेली विडी.
'असेल' म्हणजे नुसते खांदे उडवणं, त्याखाली सही करायची नाही.
आणि 'नक्कीच' दिसलं
की समजायचं, लिहिणारा घाबरलाय.

गोदेला पाणी चढलं की गावभर फोन फिरायचे,
पूल गेला, बाजार गेला, अमक्याची म्हैस गेली.
बाई म्हणायच्या, 'दुतोंड्या मारुतीकडे बघ.
त्याच्या कमरेला असलेलं पाणी
सराफ बाजारात पोचेपर्यंत त्याच्या गळ्याला लागतं.
तो जागचा हलत नाही, म्हणून त्याच्यावर मोजायचं.'

स्वतःच्या आवडत्या तर्काला आधी मारून बघायचं, हेही त्यांचंच.
मेला तर सुटलो.
नाही मेला तर जेवून येऊन पुन्हा मारायचं.

काल दुपारी कुणीतरी म्हणालं, 'बाई गेल्या म्हणे.'

कोण म्हणे?
सावळे म्हणाला.
सावळेला कुणी सांगितलं? पगारेनं.
पगारेला? सावळेनंच.
एकच टपरी. मी जवळजवळ हसले.
खोटं असणार, असं ठरवूनही टाकलं
आणि ठरवता ठरवता लक्षात आलं
की हे उत्तर मला हवंय.

म्हणून जेल रोडला फोन लावला.
भाचीनं उचलला.
सरळ विचारलं नाही. सरळ विचारलं
की माणसं उत्तर देतात, माहिती देत नाहीत.
फक्त माझं नाव सांगितलं.
ती म्हणाली, 'हो हो, आत्या तुमचं नाव घ्यायची.'

मागं कुठं तरी नळ सोडलेला होता,
बरीच माणसं होती, आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.
हाताशी आलेल्या बिलाच्या पाठीवर
मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं
आणि पेन्सिल
'घ्यायची'खाली टेकवून बसले.